नुसतीं वर्तमानपत्रें

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत एका जुन्या वाचनालयाच्या चिटणीसांचा मला निरोप आला. वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पडून आहेत, छप्पर दुरुस्त करावयाचें असल्यामुळें जागा मोकळी करणें भाग आहे, तरी आपल्या उपयोगाचें कांहीं असल्यास येऊन पाहावें, असा त्याचा मजकूर होता. मला जावयास चार दिवसांचा उशीर झाला. मी पोहोंचलों तेव्हां निम्म्याहून अधिक फायली रद्दीवाल्याच्या तराजूंतून जाऊन चुकल्या होत्या. माझा चेहरा पाहून चिटणीस मोठ्या सौजन्यानें म्हणाले, "सर, आपण काळजी करूं नये. पुस्तक एकही घालविलें नाहीं. गेलीं तीं नुसतीं वर्तमानपत्रें."

त्या वेळीं मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु घरीं परत येतांना माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्या ‘नुसतीं’ या शब्दाचा मला राग आला, तो शब्द त्या गृहस्थांना आम्हींच शिकविलेला आहे. तीस वर्षें मीं महाविद्यालयांत वाङ्मयाचा इतिहास शिकविला. फळ्यावर ग्रंथांचीं नांवें लिहिलीं, ग्रंथकारांच्या जन्ममृत्यूचीं सालें लिहिलीं. परंतु तो ग्रंथ ग्रंथ होण्यापूर्वीं कोठें होता, हें विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितलें. ‘हें लेखन वर्तमानपत्री आहे’ असें म्हटलें म्हणजे त्या लेखनाचा निकाल लागला, अशी आम्हां अध्यापकांची समजूत. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, हें एकदां नीट पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

यांत एक गंमत अशी कीं, इंग्रजी वाङ्मयाच्या बाबतींत आम्हीं ही कसोटी कधींच लावली नाहीं. अ‍ॅडिसन आणि स्टील यांचा ‘स्पेक्टेटर’ १७११–१२ सालीं रोज सकाळीं लंडनच्या कॉफीगृहांत वाचला जाणारा एक कागद होता. डॉक्टर जॉन्सनचा ‘रॅम्ब्लर’ १७५० पासून दोन वर्षें आठवड्यांतून दोनदां निघे. डिकन्सचा ‘पिक्‌विक’ १८३६–३७ सालीं महिन्याच्या महिन्याला सुट्या भागांनीं विकला गेला. हें सारें आम्हीं आदरानें, टीपांसह, परीक्षेसाठीं वाचलें. तें नियतकालिक होतें म्हणून त्याची प्रतिष्ठा कोणीं कमी मानिली नाहीं. ‘नुसतीं’ हा शब्द आम्हीं फक्त आपल्या घरच्यासाठीं राखून ठेविला.

मराठी गद्याचा जन्म वर्तमानपत्रांत झाला, असें विधान कित्येकदां ऐकूं येतें. तें तसेंच्या तसें स्वीकारतां येणार नाहीं. तेराव्या शतकांतील ‘लीळाचरित्र’ हें गद्यच आहे. बखरी गद्यांत आहेत. पेशवाईंतील राजकारणी पत्रव्यवहार तर नेमकेपणाचा उत्तम नमुना आहे. परंतु या सर्व गद्यामध्यें एक गोष्ट समान आहे. तें कोणासाठीं लिहिलें जात आहे, हें लिहिणारास ठाऊक असे. लीळाचरित्र पंथाच्या अनुयायांसाठीं, बखर धन्यासाठीं, पत्र ज्याच्या नांवें तें निघालें त्याच्यासाठीं. ज्याचें नांव, गांव, जात, मत यांतलें कांहींच आपणांस ठाऊक नाहीं अशा परक्या माणसाला उद्देशून, तो केवळ मराठी वाचूं शकतो एवढ्याच आधारावर लिहिणें, हा प्रकार नवीन होता. आणि तो मुख्यतः मुद्रणानें व वर्तमानपत्रानें आणिला.

बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ काढलें. बाळशास्त्र्यांचें जन्मसाल १८१२ धरिलें जातें. म्हणजे संपादकाचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आदल्याच वर्षीं, १८३१ सालीं, बाहेर पडला होता. दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण निघावयास अद्याप चार वर्षें होतीं. म्हणजे भाषेचा कोश नुकता सिद्ध झालेला, नियम अजून ठरावयाचे, अशा संधीला हें पत्र निघालें. दर्पणाच्या पृष्ठावर एका बाजूस इंग्रजी व शेजारीं मराठी असे दोन स्तंभ असत. या दोन स्तंभांचें महत्त्व केवळ छपाईच्या सोयीचें नव्हे. पार्लमेंट, व्यापार, रसायन, विधवांची स्थिति, परदेशांतील लढाया, जें जें इंग्रजींत सांगतां येतें तें तें शेजारच्या स्तंभांत मराठीनें सांगावयाचें, आणि तेंही नेमल्या दिवशीं, अशी ती अट होती. अडलेल्या शब्दासाठीं ग्रंथकार वर्षभर थांबूं शकतो. वर्तमानपत्राचा संपादक थांबूं शकत नाहीं. भाषेला घाई झाली म्हणजे ती बिघडते, असें आपण मानतों. पण कित्येकदां ती घाईमुळेंच कामाला लागते.

दर्पण १८४० सालीं बंद झालें. त्याच वर्षीं बाळशास्त्र्यांनीं ‘दिग्दर्शन’ नांवाचें मासिक काढलें, आणि १८४५ सालीं ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ति, शिळाछापावर, त्यांनींच प्रसिद्ध केली. पुढल्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. जो मनुष्य मराठींतील पहिल्या वर्तमानपत्राचा संपादक, तोच ज्ञानेश्वरीचा पहिला मुद्रक. वर्तमानपत्र आणि वाङ्मय हीं दोन दुकानें असून त्यांचे मालक वेगळे, ही कल्पना त्यांच्या मनांत असणें शक्य नव्हतें.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे भाऊ महाजन यांचें ‘प्रभाकर’. हें साप्ताहिक १८४१ सालीं मुंबईंत सुरू झालें. त्याच्याकडे १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या सहीनें पत्रें येऊं लागलीं. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख त्या वेळीं पंचवीस वर्षांचे, सरकारी नोकरींत असलेले गृहस्थ. १८५० पर्यंत हीं पत्रें चाललीं; त्यांची संख्या एकशें आठ भरली, आणि आज आपण त्यांना ‘शतपत्रें’ म्हणून ओळखतों. एकेक पत्र एकदोन पृष्ठांचें. विषय सरळ मांडावयाचा, उदाहरण घरांतलें द्यावयाचें, दोष स्वतःच्या जातीचा असला तरी झांकावयाचा नाहीं, आणि निष्कर्ष सांगून थांबावयाचें. वाक्यें आंखूड, पुनरुक्ति बरीच, अलंकार जवळ जवळ नाहींत. ही शैली शास्त्र्यांच्या टीकाग्रंथांतून आलेली नाहीं, बखरींतूनही नाहीं. पृष्ठावर जागा मर्यादित होती, आणि वाचक वाद घालावयास सिद्ध बसलेला होता. तेव्हां ती तशी झाली. मराठी निबंधाचा इतिहास सांगतांना आपण चिपळूणकरांपासून आरंभ करतों. खरें पाहतां तो एका साप्ताहिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरापासून करावयास हवा.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट, जी आमच्या वाङ्मयेतिहासांत फार उशीरां शिरली. अमेरिकन मिशनऱ्यांचें ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून अहमदनगरास निघत असे. त्यांत १८५५ सालीं, जोतीराव फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीचा निबंध छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला तो निबंध आज मराठींतील अस्पृश्य स्त्रीच्या लेखनाचा पहिला मोठा दाखला म्हणून वाचला जातो. त्या काळीं कोणत्या ग्रंथप्रकाशकानें त्या मुलीचें पुस्तक काढलें असतें? त्या लेखनाला जागा मिळाली ती एका नियतकालिकाच्या पानावर, आणि तें पान कोणीं तरी जपून ठेविलें म्हणून तो निबंध आज आपल्या हातांत आहे. ज्यांच्यासाठीं ग्रंथाचें दार बंद होतें, त्यांच्यासाठीं वर्तमानपत्राची निदान खिडकी उघडी होती.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ १८७४ सालीं सुरू झाली. ती मासिक होती, वर्तमानपत्र नव्हे. परंतु तिचा जीव नियतकालिकाचाच. सात वर्षांत चौऱ्यायशीं अंक एकट्यानें भरून काढणारा हा लेखक जॉन्सनचा भक्त होता. जॉन्सनच्या ‘रासेलस’चें वडिलांनीं आरंभिलेलें भाषांतर त्यानेंच पुरें केलें, आणि मालेंत जॉन्सनवर विस्तृत निबंध लिहिला. जॉन्सनपासून त्यानें भारदस्त वाक्यरचना घेतली हें सर्वजण सांगतात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, विद्वानानें ठराविक मुदतीनें लोकांसमोर यावें ही संवय त्यानें तेथूनच घेतली. सरकारी नोकरी सोडून १८८० च्या आरंभीं न्यू इंग्लिश स्कूल काढल्यावर एका वर्षाच्या आंत, जानेवारी १८८१ मध्यें, ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं दोन पत्रें त्यांनीं, टिळक-आगरकरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काढलीं. शाळा, छापखाना आणि वर्तमानपत्र हीं त्या मंडळींच्या मतें एकाच कामाचीं तीन अंगें होतीं.

केसरीचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणीं १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढले. या तुरुंगवासाचें वर्णन आगरकरांनीं पुस्तकरूपानें लिहिलें, आणि त्यांनीं केलेलें ‘हॅम्लेट’चें मराठी रूपांतर ‘विकारविलसित’ १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. संपादक म्हणून तुरुंगांत गेलेला मनुष्य लेखक म्हणून बाहेर येतो, हा प्रकार आपल्या वाङ्मयांत येथून सुरू होतो. पुढें मतभेद होऊन आगरकर केसरींतून निघाले व १८८८ सालीं त्यांनीं ‘सुधारक’ काढला. अवघीं सात वर्षें त्यांना मिळालीं. १८९५ सालीं, चाळीशीच्या आंत, त्यांचें निधन झालें. आज ‘आगरकरांचे निबंध’ म्हणून आपण जें कपाटांत ठेवितों, तें सारें आठवड्याच्या आठवड्याला, दम्यानें खंगलेल्या शरिरानें, विरोधकांचा मागील अंक समोर ठेवून लिहिलेलें आहे. ग्रंथांत तो विरोधकांचा अंक नसतो. त्यामुळें कित्येक ठिकाणीं आगरकर हवेंत तलवार फिरवीत आहेत असा विद्यार्थ्यांना भास होतो. फाईल उघडली म्हणजे समोरचा माणूस दिसतो, आणि तो वारही समजतो.

कादंबरीची हकीकतही अशीच आहे. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तारां’तून क्रमशः आली. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ १८८५ सालीं ‘पुणेवैभव’ या वर्तमानपत्रांत येऊं लागली. १८९० सालीं हरिभाऊंनीं स्वतःचें ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९३ पर्यंत चालली. या सालांकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्यें मंजूर झाला. ज्या महिन्यांत पुण्याच्या सभांतून या कायद्यावर खडाजंगी चालली होती, शास्त्रार्थ निघत होते, पत्रें एकमेकांवर तुटून पडत होतीं, त्याच महिन्यांत त्याच पुण्यांतल्या घराघरांत यमूची कहाणी हप्त्याहप्त्यानें जात होती. त्या वादांत दोन्ही बाजूंनीं बोलणारे बहुतेक पुरुष होते. जिच्याविषयीं वाद चालला होता ती मुलगी काय म्हणते, हें कादंबरीनें सांगितलें. आणि तें सांगण्यासाठीं तिनें आत्मकथनाचें रूप घेतलें. पुस्तक म्हणून ती कादंबरी वाचणारास हा योगायोग वाटेल. करमणुकीचा वाचक मात्र एका हातानें वादाचा अग्रलेख आणि दुसऱ्या हातानें यमूचें प्रकरण धरून बसलेला होता. लघुकथेचेंही तेंच. हरिभाऊंच्या ज्या कथा मराठी लघुकथेचा आरंभ मानल्या जातात, त्यांचें करमणुकींतलें नांवच मुळीं ‘स्फुट गोष्टी’ असें होतें.

कवितेचा तर या सगळ्याशीं कांहीं संबंध नसेल, असें कोणास वाटेल. केशवसुत १९०५ सालीं वारले. तोंवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. त्यांची कविता वाचकांनीं वाचली ती नियतकालिकांत. आणि ती पुस्तकरूपानें बाहेर पडली १९१७ सालीं, तीही करमणूककार हरिभाऊंच्याच खटपटीनें. आधुनिक मराठी कवितेचा जनक स्वतःच्या हयातींत केवळ मासिकांचा आणि साप्ताहिकांचा कवि होता.

आतां या संबंधाची दुसरी बाजू, म्हणजे जोखीम. केसरीच्या १५ जून १८९७ च्या अंकांत शिवाजीमहाराजांच्या तोंडीं घातलेली एक कविता आली होती. खालीं भवानी तलवारीच्या नांवाची सही होती. त्यानंतर आठवड्याभरांत पुण्यांत रँडचा वध झाला, आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरतांना जो मजकूर पुराव्यांत आला त्यांत ही कविताही होती. म्हणजे न्यायासनासमोर प्रश्न आला तो एका अर्थानें रसग्रहणाचा: शिवाजीच्या तोंडचें भाषण हें कवीचें भाषण समजावयाचें कीं नाहीं? टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ती सौम्य व्हावी म्हणून झालेल्या अर्जावर मॅक्समुल्लरसारख्या पंडिताची सही होती.

अकरा वर्षांनंतर, १९०८ च्या खटल्यांत, प्रकरण आणखी पुढें गेलें. टिळकांनीं आपला बचाव स्वतः केला आणि ज्यूरीपुढें एकवीस तासांहून अधिक वेळ भाषण केलें. त्यांतला मोठा भाग सरकारी भाषांतराविषयीं होता. मूळ मराठी शब्दाची छटा एक, सरकारी भाषांतरकारानें योजिलेला इंग्रजी शब्द दुसराच. आणि शिक्षा मात्र भाषांतराला न होतां मूळ लेखकाला होणार, असा त्यांचा मुद्दा. दर्पणाच्या दोन स्तंभांतून सुरू झालेली इंग्रजी-मराठीची ती शब्दाशब्दाची झुंज आतां आरोपीच्या पिंजऱ्यांत येऊन उभी राहिली होती. सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहिलें गेलें व तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्या ग्रंथाची विद्वत्ता संस्कृतांतली आहे, पण त्याचें मराठी सत्तावीस वर्षांच्या वर्तमानपत्राच्या व्यवसायांत घडलेलें आहे. पूर्वपक्ष स्पष्ट मांडावयाचा, शंका वाचकाच्या मनांत येण्यापूर्वीं आपणच उपस्थित करावयाची, आणि पायरी पायरीनें निर्णयाकडे न्यावयाचें: ही अग्रलेख लिहिणाराची संवय त्याच्या प्रत्येक प्रकरणांत दिसते.

त्याच सालीं शिवराम महादेव परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्या ‘काळ’ पत्राचा जन्म १८९८ चा. जें उघड बोलतां येत नाहीं तें उलटें बोलावयाचें, स्तुति करावयाची म्हणजे निंदा समजावी, पुराणांतली गोष्ट सांगावयाची म्हणजे आजची समजावी, असा त्यांचा लेखनमार्ग. मराठी गद्यांत वक्रोक्तीचा एवढा विलास पूर्वीं झाला नव्हता. साहित्यशास्त्रांत आपण वक्रोक्तीला अलंकार म्हणून शिकवितों. काळकर्त्यांच्या हातीं तो अलंकार नव्हता. ती ढाल होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा मार्गही तोच. १९०७ सालीं रंगभूमीवर आलेलें तें नाटक १९१० सालीं सरकारनें बंद केलें. केसरीच्या कचेरींतला लेखक आणि रंगभूमीवरचा नाटककार एकच असल्यामुळें प्रेक्षकाला कीचक कोण हें समजावून सांगावें लागलें नाहीं.

येथवर जें लिहिलें त्यावरून वर्तमानपत्राचें केवळ स्तोत्र गावयाचा माझा विचार आहे, असें वाचकांस वाटूं नये. या संबंधानें वाङ्मयाचें नुकसानही केलें आहे, आणि तें सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाहीं. पहिलें नुकसान घाईचें. हरिभाऊंच्या ‘आजच’ आणि ‘कर्मयोग’ या कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. ज्या पूर्ण झाल्या त्यांतही पाल्हाळ पुष्कळ आहे, आणि त्याचें एक कारण हप्त्यांची गरज हें होय. दुसरें नुकसान वैयक्तिक निंदेचें. विरोधकाच्या मताऐवजीं त्याच्या घरावर, जातीवर, व्याकरणावर हल्ला करावयाचा, ही खोड मराठी टीकेला वर्तमानपत्री झगड्यांतून लागली, आणि ती अजून सुटलेली नाहीं. चिपळूणकरांनीं मालेंत लोकहितवादींची व जोतीराव फुल्यांची जी संभावना केली, तींत भाषेचा डौल आहे. न्याय मात्र नाहीं. फुल्यांच्या व्याकरणाला हंसून त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्याचें समाधान मानणारी ती टीका पुढल्या दोन पिढ्यांच्या सुशिक्षितांना फुले न वाचण्यास पुरेसें निमित्त ठरली. आमच्या तरुणपणीं आम्हीं माला वाचली, फुले वाचले नाहींत. हा आमच्या शिक्षणांतला खड्डा होता, आणि तो कोणीं खणला हें सांगावयास हवें.

तिसरी गोष्ट अशी कीं, वर्तमानपत्राची खिडकी सर्वांना सारखी उघडी नव्हती. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, तेव्हां १८८१ सालीं ‘पुणेवैभवां’त स्त्रियांच्या नीतीवर झोड उठविणारा मजकूर आला. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, आणि ती १८८२ सालीं पुण्यांत स्वतंत्र पुस्तिका म्हणून छापावी लागली. मराठी वाङ्मयांतील हा एक अत्यंत तेजस्वी निबंध वर्तमानपत्रामुळें जन्माला आला, पण वर्तमानपत्रांत नव्हे. त्याचें स्वागत असें झालें कीं, ताराबाईंनीं पुन्हा कांहीं प्रसिद्ध केल्याचें दिसत नाहीं. त्यांची बाजू घेतली ती फुल्यांनीं. स्वतः फुल्यांचा अनुभवही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं काढलेलें ‘दीनबंधु’ हें सत्यशोधक चळवळीचें पत्र. पुढें तें नारायण मेघाजी लोखंडे चालवीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ची आरंभीचीं प्रकरणें त्यांत आलीं, आणि पुढचीं छापण्यास संपादक कचरले. सबंध ग्रंथ फुल्यांच्या हयातींत बाहेर आला नाहीं. म्हणजे स्नेह्याच्या पत्रालाही मर्यादा असते. कायद्याची भीति, वर्गणीदारांची भीति, छापखान्याचें देणें, हीं तिन्हीं ओझीं संपादकाच्या खांद्यावर असतात, आणि वाङ्मयाला त्यांचा कर द्यावा लागतो.

तरीही बेरीज-वजाबाकी करून पाहिली म्हणजे जमेची बाजू भारी ठरते. डॉ. आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ काढला, त्याच्या शिरोभागीं तुकारामाचा अभंग होता; १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वरीच्या ओव्या होत्या. केसरीच्या शिरोभागीं जगन्नाथपंडिताचा श्लोक होता, हेंही सर्वांस ठाऊक आहे. परस्परविरोधी मतांच्या या संपादकांना आपल्या पत्राच्या कपाळावर कविता लिहावीशी वाटली, याचा अर्थ काय? आपण आज जें लिहितों तें उद्यां शिळें होणार, हें त्यांना कळत होतें. परंतु जें शिळें होत नाहीं त्याच्या साक्षीनें तें लिहावें, अशी त्यांची इच्छा होती. बहिष्कृत भारतांतील आंबेडकरांचे अग्रलेख वाचावेत: कायद्याचा काटेकोरपणा, संतवाङ्मयाचा आधार आणि बोलीचा ठसका यांचा जो मेळ तेथें आहे, तो त्या काळच्या कोणत्याही ललित ग्रंथांत सांपडत नाहीं.

मग ही फारकत झाली केव्हां? माझ्या मतें तिचीं तीन कारणें आहेत. पहिलें असें कीं, एकोणिसाव्या शतकांतील बहुतेक महत्त्वाचीं मराठी पत्रें साप्ताहिकें होतीं. लेखकाला एक आठवडा मिळे. तेवढ्यांत विचार करतां येतो. दैनिकांचा जमाना आला, पहिल्या महायुद्धानें ताज्या तारांची भूक वाढविली, आणि आठवड्याच्या जागीं कांहीं तास उरले. १९१५ च्या ‘संदेशां’त अच्युतराव कोल्हटकरांनीं या घाईलाच खेळकर रूप देऊन ‘वत्सलावहिनींचीं पत्रें’ लिहिलीं. तशी प्रतिभा सर्वांपाशीं नसते. दुसरें कारण, कथाकवितेसाठीं स्वतंत्र मासिकें निघालीं. का. र. मित्र यांचें ‘मनोरंजन’ १८९५ चें. १९०९ सालीं त्यानें पहिला दिवाळी अंक काढला. ललित लेखनाला स्वतःचें घर मिळालें, हें चांगलेंच झालें. पण घर वेगळें होतांच जुन्या घरीं जाणेंयेणें कमी होतें. तिसरें कारण आम्ही अध्यापक. वाङ्मय हा परीक्षेचा विषय झाला, परीक्षेला नेमलेलें पुस्तक लागतें, आणि फाईल नेमतां येत नाहीं. निवडक लेखांचे संग्रह निघाले. ते उपयुक्तच आहेत. पण संग्रहांत लेख येतो, त्याचा दिवस येत नाहीं. समोरचें उत्तर येत नाहीं, खालची धान्याच्या भावांची यादी येत नाहीं, शेजारची प्लेगची बातमी येत नाहीं. हीं सारीं त्या लेखाचींच अंगें होतीं.

सर्वच वर्तमानपत्री लेखन वाङ्मय असतें, असें माझें म्हणणें नाहीं. तसें सर्वच ग्रंथलेखनही नसतें. शंभरांतील नव्व्याण्णव स्तंभ त्या दिवसापुरतेच असतात, आणि तें योग्यच आहे. उरलेला एक टिकतो, तो कशामुळें? वरील उदाहरणांवरून मला असें दिसतें कीं, ज्याच्या लेखकाला तो शब्द लिहिल्याबद्दल कांहीं तरी भरावें लागलें, तो शब्द टिकला. लोकहितवादींना स्वजनांचा रोष, आगरकरांना जिवंतपणीं आपल्या प्रेताची मिरवणूक, टिळक-परांजप्यांना तुरुंग, ताराबाईंना मौन. किंमत ज्याची त्याची वेगळी होती. ग्रंथाच्या मलपृष्ठावर ती छापलेली नसते. फाईलींतल्या तारखेवरून मात्र ती कळते.

आतां तर बातमी कागदावरून पडद्यावर आली आहे, आणि दिवसाच्या जागीं घटका आली आहे. जुन्या फायलींपैकीं कांहींचीं छायाचित्रें कांहीं संस्थांनीं घेऊन ठेविलीं आहेत, हें समाधानाचें आहे. परंतु गांवोगांवच्या वाचनालयांच्या माळ्यांवर, जुन्या छापखान्यांच्या कोठारांत, वकिलांच्या आणि शिक्षकांच्या वाड्यांत अद्याप जें पडून आहे, त्याची यादीही कोणापाशीं नाहीं. वाळवीला मात्र ती पाठ आहे. माझी वाचकांस एकच विनंति आहे. आपल्या घरीं किंवा गांवीं असा गठ्ठा असल्यास तो तराजूंत घालण्यापूर्वीं त्याच्या पहिल्या व शेवटल्या अंकाची तारीख एका कागदावर उतरून घ्यावी, आणि जवळच्या महाविद्यालयाला किंवा संशोधन-संस्थेला कळवावी. एवढें काम शाळेंतल्या मुलालाही करतां येईल.

त्या दिवशीं वाचनालयांतून मला चार बांधीव फायली मिळाल्या. त्यांतल्या एका साप्ताहिकाच्या फाईलींत एक गोष्ट क्रमशः चालली आहे. लेखकाचें नांव नाहीं, गोष्टही सामान्यच आहे. एका प्रकरणाच्या शेवटीं, समासांत, कोणा वाचकानें शिसपेन्सिलीनें बारीक अक्षरांत लिहून ठेविलें आहे, ‘पुढील अंक आला नाहीं. पोस्टांत विचारणें.’ त्या ओळीपाशीं मी बराच वेळ थांबलों. पुस्तक वाचणारास शेवट हातांत असतो. या वाचकाला तो पोस्टांत जाऊन विचारावा लागला. मराठी वाङ्मयाला असा वाचक कोणीं मिळवून दिला, एवढें जरी आम्हीं पुढल्या वर्षींच्या विद्यार्थ्यांना सांगितलें, तरी चिटणीसांच्या तोंडचा तो ‘नुसतीं’ शब्द आम्हांला परत घेतां येईल.